भीमाशंकरला जाताय? मग एवढं कराच

१९८५ साली सरकारनं शेकरूसाठी म्हणून भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर केलं. जेमतेम १३१ चौरस किलोमीटर. तेवढ्यात तुमची एसयूव्ही आणि सतरा नातेवाईक मावायलाच हवेत. शेकरूचं काय, ते झाडावर राहतं.

ब्लूटूथ स्पीकर आदल्या रात्रीच चार्ज करा. उगमाशी भीमा अगदीच बारीक वाहते, तिचा आवाज कोण ऐकणार?

काजवे बघताना हेडलाइट चालूच ठेवा. नाहीतर अंधारात दिसणार कसे?

माकडांना वेफर्स जरूर द्या. पुढच्या माकडानं हातातली पिशवी ओढली, की वनखातं झोपा काढतं का, असं मात्र ओरडून विचारा.

पोर लहान असेल तर डायपर बरोबर घ्या. ते कुठं टाकायचं, हे मी गेल्या रविवारी शिकलो. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर ओढ्यात पाय सोडून बसलो होतो. वरच्या अंगाला एक कुटुंब. वहिनींनी डायपर काढला, छान गुंडाळी केली, चिकटपट्टी लावली आणि दादांच्या हातात दिला. दादांनी तो दोन दगडांच्या फटीत सारला. इतक्या निगुतीनं, की वाटावं देवाला काही ठेवतायत. पाच मिनिटांत तो पाण्यानं उशीएवढा फुगला, फटीतून सुटला आणि माझ्या घोट्याला येऊन टेकला. मी म्हटलं, "दादा, तुमचं काहीतरी वाहून आलंय." तर म्हणे, "जंगल तुमच्या बापाचं आहे का?"

नाही हो, माझ्या बापाचं नाही. पण मघाशी वाहनतळावर बघितलं होतं, तुमच्या गाडीच्या काचेवर विठोबा आहे. हेच पाणी चासकमानला जातं, उजनीत जातं, पुढं पंढरपूरला त्यालाच चंद्रभागा म्हणतात. आषाढीला तुम्ही तिथं ओंजळ भरून तीर्थ घेणार, डोळे मिटून. घ्या की. घरचंच आहे.

आणि परतताना "शेकरू काही दिसलं नाही, फुकट आलो" म्हणत होतात ना? अहो, तुमचा स्पीकर ऐकून माणसं पळत होती! शेकरू काय तुमच्या सेल्फीसाठी फांदीवर ताटकळत बसणार होतं? दोन तासांत एकदा तरी तोंड मिटलंत? पोरासमोर घाण करता आणि वर दुसऱ्याचा बाप काढता. लाज कशी वाटत नाही?

तो डायपर मी आणला खाली. पिशवीत घालून, हात लांब धरून, सगळी वाट. कचराकुंडी तुमच्या गाडीपासून दहा पावलांवर होती.