कॉर्डन केलेल्या नोडवर पॉड चालूच राहिले, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू पूर्ण वाचला. २ स्टार दिलेत आणि तक्रारी अशा की सोमवारी ‘नोड मेंटेनन्सला घेतोय’ असा मेल येऊनही तुमचे पॉड (अ‍ॅपचे चालू तुकडे) गुरुवारपर्यंत त्याच नोडवर (अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर) होते म्हणजे आम्ही काही केलंच नाही, मंगळवारी टाकलेला रिलीज पेंडिंगमध्ये अडकला, गुरुवारी बिलिंग सर्व्हिस काही मिनिटं पडली, आणि आता तो नोड परत आलाय तर रिकामाच आहे. हे प्रश्न कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्या बऱ्याच जणांना पडतात, म्हणून इथेच नीट लिहितो.

सोमवारी आम्ही नोड कॉर्डन केला. कॉर्डन म्हणजे त्या नोडवर नवीन पॉड बसवायचा नाही, एवढंच. आधीपासून चालू असलेल्या पॉडला तो हातही लावत नाही, रात्री हॉटेलवाला शटर अर्धं खाली ओढतो तेव्हा आत जेवत बसलेल्यांना कोणी उठवत नाही ना, तसं. नोशेड्युल टेंट (नोडवर लावलेली ‘नवीन पॉड नको’ अशी खूण), त्याचंही हेच, नोड सिलेक्टर आणि अ‍ॅफिनिटी (पॉड कोणत्या नोडवर बसावा याच्या अटी), त्यांचंही हेच, नोडवरचं लेबल मागाहून काढलं तरी चालू पॉड तिथेच राहतो, कारण शेड्युलर पॉडची जागा फक्त एकदाच ठरवतो, बसवताना. त्यामुळे तुमचे पॉड चालू दिसत होते ते मुद्दाम तसेच ठेवले होते. त्या नोडच्या डिस्कवर एरर यायला लागले होते, म्हणून नवीन काही तिथे जाऊ द्यायचं नव्हतं आणि जे चालतंय ते दिवसाढवळ्या पाडायचंही नव्हतं.

तुम्ही विचारलंय की नोएक्झिक्यूट टेंट लावून सगळं लगेच का हलवलं नाही. सर, ते आम्ही प्लॅन्ड कामात कधीच करत नाही आणि करणारही नाही. त्या टेंटला टॉलरेशन (ती खूण असूनही राहायची मुभा) नसलेले सगळे पॉड लगेच डिलीट होतात आणि तुम्ही पॉड डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड काढता येतील याची मर्यादा) लावलेलं असलं तरी ते तिथे बघितलंच जात नाही. ड्रेन (नोडवरचे पॉड काढून तो रिकामा करणं) मात्र इव्हिक्शन एपीआयमधून (पॉड काढायची रीतसर विनंती करून) जातो, तो बजेट पाळतो. आणि काहीच न करता नोड मरायची वाट बघितली असती तर? अशा वेळी नोड नॉट रेडी किंवा अनरीचेबल धरला गेल्यावरही पॉडला बाय डिफॉल्ट ३०० सेकंदांचं टॉलरेशन असतं, म्हणजे ५ मिनिटं अ‍ॅप बंद आणि त्यानंतर कुठे दुसरीकडे हलायला सुरुवात.

मंगळवारचं सांगतो. तुमच्या वेब डिप्लॉयमेंटमध्ये (वेबचे पॉड कसे आणि किती चालवायचे त्याच्या सेटिंगमध्ये) एसएसडी लेबलचा नोड सिलेक्टर आहे आणि तुमच्या क्लस्टरमध्ये (सगळ्या नोडच्या गटात) ते लेबल फक्त याच नोडला होतं. नवीन एसएसडी नोड बुधवारी जोडतोय, तोपर्यंत रिलीज थांबवा, हे सोमवारच्या मेलमध्ये होतं. नवा पॉड पेंडिंग राहिला तो त्यामुळे, पॉड डिस्क्राइब केलात तर इव्हेंटमध्ये एक नोड अनशेड्युलेबल आणि बाकीचे सिलेक्टरला मॅच नाहीत असं स्पष्ट येतं. पण साइट पडली नाही हे पण लिहायला हवं होतं तुम्ही. २ रेप्लिका (एकाच पॉडच्या २ प्रती) आणि डिफॉल्ट रोलिंग अपडेट (पॉड टप्प्याटप्प्याने बदलणं) असेल तर नवा पॉड रेडी झाल्याशिवाय जुना काढला जात नाही, त्यामुळे ग्राहकांना जुनं व्हर्जन नीट मिळत होतं, आणि बुधवारी नोड जोडल्यावर पेंडिंग पॉड आपोआप बसला आणि रोलआउट पूर्ण झालं, कोणाला काही करावं लागलं नाही.

बिलिंगला १च रेप्लिका आहे. गुरुवारी ड्रेन केल्यावर जुन्या पॉडला बंद व्हायला सांगितलं गेलं, डिफॉल्ट ३० सेकंदांची मुदत, आणि बदली पॉड दुसऱ्या नोडवर इमेज (अ‍ॅपचं पॅकेज) पुल करून उभा राहीपर्यंत मागे उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. तुमची चिडचिड समजते, बिलं अडकली की ग्राहक तुम्हाला फोन करतात, आम्हाला नाही. पण १ रेप्लिकावर कोणताही ड्रेन असाच जाणार, आमच्याकडे असो की दुसरीकडे. २ रेप्लिका करा, अँटी अ‍ॅफिनिटी लावून वेगवेगळ्या नोडवर ठेवा, आणि मिनिमम अव्हेलेबल १ असं बजेट लावा. आधी रेप्लिका वाढवा मग बजेट लावा हां, १ रेप्लिकावर तेच बजेट लावलं तर ड्रेन पुढे सरकतच नाही.

राहिला रिकामा नोड. डिस्क बदलून शुक्रवारी अनकॉर्डन केला, पण हललेले पॉड स्वतःहून परत येत नाहीत, पुढचे पॉड बनतील तेव्हा शेड्युलर त्या नोडचाही विचार करेल. लगेच लोड वाटून हवा असेल तर वेब डिप्लॉयमेंट रोलआउट रीस्टार्ट करा, डाउनटाइम येणार नाही. बिलिंगचं मात्र २ रेप्लिका झाल्यावरच. तिकीट टाका, बिलिंगच्या वायएएमएलमधले (सेटिंगच्या फाइलमधले) बदल आमची टीम तुमच्यासोबत बसून करून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.