पहिली खूण बाजारात दिसते

सध्या एक मजकूर ग्रुपागणिक फिरतोय. त्याचं म्हणणं असं: समाज कोसळतो तो माणसांची नीती ढासळल्यामुळे, भूक लागली की शेजारीच शेजाऱ्याला लुटतो, आणि हे इतकं अचानक होतं की कुणाला सुगावाही लागत नाही. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पुणे-नगरकडचा १८७५ ते १८७८ चा काळ पाहिला तरी ते कळतं.

नीतीचं आधी. अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. यादवी संपली, भाव पडले, त्यात सरकारने शेतसारा वाढवला, सावकारांनी हात आखडला. यात बिघडलं कुणाचं चारित्र्य? आटली ती उधारी.

आता लुटालुटीचं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर चालून गेले. जाळपोळ झाली, मालही लुटला गेला, हे खरंच आहे. पण जमावाला हवी होती ती कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या. जिथे कागद मुकाट्याने हाती पडले, तिथे बहुधा सावकाराच्या केसालाही धक्का लागला नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो सत्ताधाऱ्यांना मोकळं सोडतो. १८७६ चा पावसाळा कोरडा गेला तेव्हा गावोगावची हलाखी पुण्याची सार्वजनिक सभा ही लोकांची गाऱ्हाणी मांडणारी संस्था वेळोवेळी सरकारला कळवत होती. तरी जानेवारी १८७७ मध्ये भारत सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असं ठरवलं. हजारो मजूर काम सोडून निघून गेले. देशभरात ५० लाखांहून जास्त माणसं मेली आणि त्याच काळात इथला गहू इंग्लंडला जात होता. पुढे सरकारने दुष्काळसंहिता, म्हणजे दुष्काळात काय करायचं त्याच्या नियमावल्या केल्या, त्यांत धोक्याच्या खुणा लिहून ठेवल्या: भिक्षा मिळेनाशी होणं, उधारी बंद होणं, धान्यबाजारात एकाएकी धावपळ, गुरं आणि माणसं वाट फुटेल तिकडे निघणं. गुन्हे वाढणं ही त्यातली फक्त एक खूण.

माझी आजी एवढंच सांगायची, ‘बैल इकून किती पायल्या जवारी येती ते बघावं.’ बैल मातीमोल आणि ज्वारी कडाडलेली, म्हणजे गाव वैरणीवाचून जनावरं विकायला लागलं. बहात्तरच्या दुष्काळात तिने हे पाहिलं होतं. पण त्या वेळी सरकारने कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं त्यांवर होती, आणि १८७७ सारखा मृत्यूचा कहर झाला नाही. आजी खडी फोडायला जायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. कामावर लुटारू शेजारी तिला कुणी भेटले नाहीत. तिची कामाची पाळी असली की दुसरीच बाई माझ्या वडिलांची झोळी हलवत बसायची.