मेरिटचा पत्ता

आरक्षणावरून वाद पेटला की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "अमेरिकेत बघा, सगळं मेरिटवर." जून २०२३ मध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देणं घटनाबाह्य ठरवलं आणि त्या वाक्याला शिक्का मिळाला. पण राखीव जागा इथेही आहेत. त्यांना जातीचा दाखला लागत नाही, लाइट बिल लागतं.

सरकारी शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यावर ठरतो आणि शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा १९६७-६८ चा हिशेब कोर्टात गाजला. एजवुड या गरीब मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर होता, तरी मुलामागे जमले २६ डॉलर. अलामो हाइट्स या श्रीमंत वस्तीत दर ८५ सेंट, जमले ३३३. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत चालू ठेवली: शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही. (आपल्याकडे २००२ च्या दुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं कलम २१-अ आलं. ग्रुपवर हे कोणी टाकत नाही.)

पुढे बऱ्याच राज्यांनी मदतीची सूत्रं बदलली. न्यू जर्सी तर गरीब शहरांच्या शाळांना भरघोस पैसा देते, त्यामुळे मुलामागचा खर्च एवढंच बघितलं तर फसगत होते. खरी भिंत झोनिंगची, म्हणजे कुठे कसली घरं बांधता येतील याच्या नियमांची. एका प्लॉटवर एकच घर, प्लॉट किमान अर्धा-एक एकराचा, अपार्टमेंटला मनाई, एवढे नियम गावाने केले की स्वस्त घर बांधताच येत नाही. मग "गरिबांना बंदी" अशी पाटी लावायची गरज उरत नाही.

माउंट लॉरेल हे न्यू जर्सीतलं असंच एक गाव. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कमी उत्पन्नाच्या घरांचा आपला वाटा गावाने उचललाच पाहिजे. तिथे प्रत्यक्ष भाडेकरू यायला सुमारे २५ वर्षं लागली. दरम्यान १९८५ च्या कायद्यात पळवाट निघाली: आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं पैसे मोजून दुसऱ्या, बहुधा गरीब, शहराच्या गळ्यात मारायची. ती २००८ पर्यंत चालली. घरं झाल्यावर प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी आसपासची गुन्हेगारी, कर आणि घरांच्या किमती तपासल्या. ज्याची भीती घातली होती त्यातलं काहीच झालं नव्हतं.

हे रिपब्लिकनांचं कारस्थान म्हणावं, तर न्यू जर्सीने १९९२ पासून अध्यक्षपदासाठी दरवेळी डेमोक्रॅटच निवडला आहे. पक्षांमधलं ध्रुवीकरण खोटं नाही. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल, असं १९६० च्या पाहणीत दोन्हीकडच्या जेमतेम पाच टक्क्यांनी सांगितलं होतं. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश तसं म्हणाले. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला मात्र १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ९४. म्हणजे रोटी-बेटीचा नवा बांध पक्षाचा. झोनिंगच्या पंगतीला मात्र दोन्ही पक्षांचे घरमालक मांडीला मांडी लावून बसतात. इथली आपली भारतीय मंडळीही त्याच पंगतीत आहेत. घर बघताना बेडरूमच्या आधी शाळेचं दहापैकी रेटिंग विचारलं जातं.

पत्ता चोरला तर शिक्षा होते. ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या एका आईने स्वतःच्या वडिलांच्या पत्त्यावर मुलींना शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातलं. २०११ मध्ये ती त्यासाठी नऊ दिवस तुरुंगात होती.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या राखीव २५ टक्के जागांतून सूट. या मुलांच्या फीची सरकारी प्रतिपूर्ती थकते ही शाळांची तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय थकबाकी भरणं हा होता. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. टिकली असती, तर गरिबाच्या मुलाची शाळा तिथेही पत्त्यावरच ठरली असती.