आईला पार्कात न्यायचं म्हणजे

परत तेच! मुलांना सुट्टी लागली की वॉटरपार्क, आणि तिथे गेलं की माझ्या आईची परवड. दोन्ही गुडघे गेलेत तिचे. फाटकावर व्हीलचेअर मागितली, ती अर्ध्या तासाने आली, तीही पुढचं चाक अडकणारी. आणि रॅम्प? फूटभर चढायला बारा फूट उतार लागतो, एवढा साधा हिशेब. इथे चार फुटांत उरकलाय. मी ढकलतोय आणि आई दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसलेली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लोकांच्या वापरातल्या खासगी इमारतींनाही लागू आहे. जुन्या इमारतींना अशा सोयी करायला दिलेली पाच वर्षांची मुदतही कधीच संपली.

वर सांगतात, "आजींना सावलीत बसवा, तुम्ही जाऊन या." अहो, तिकीट तिचंही घेतलंत ना! तिला कुठल्या राइडमध्ये बसायचंच नव्हतं. नातवंडं पाण्यात ओरडताना बघायची होती, बस्स. तिथे जायला सात पायऱ्या, कठडासुद्धा नाही. ती खालीच बसली, पर्स मांडीवर घेऊन, आणि उलट मलाच म्हणाली, "तू जा रे, मुलं वाट बघतायत."