दापोलीत बर्फ नाही, गारा पडल्या

‘दापोलीत बर्फ पडला’ म्हणत एक व्हिडिओ सकाळपासून वाडीच्या ग्रुपवर फिरतोय. नीट बघा, मागे देवदार आहेत. आपल्याकडे सुरूची बनं, देवदार कुठून आले? काल संध्याकाळी इथे पडल्या त्या गारा. अंगणातली एक फोडून बघितली, आत कांद्यासारखे थर होते. बाकीच्या पडवीत आणेपर्यंत निम्म्या विरघळल्या. वैशाखात आपल्या डोक्यावर शून्य अंश तापमान साधारण ४.५ ते ५ किलोमीटर उंचीवर असतं. हिमाचे नाजूक कण तिथून खाली येईतो पाणी होतात. गार मात्र ढगातल्या जोरदार झोतांवर तरंगत जाड होते, म्हणून जमिनीपर्यंत टिकते. हापूसला मार बसलाय हे मात्र खरं. फुटलेली फळं पेटीत भरू नका, शेजारची नासतील.