गुलाबी पडलेल्या समयांबद्दल, दुकानाकडून

नमस्कार. तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. चवथीआधी आजीच्या तीन समया उजळायच्या म्हणून तुम्ही आमच्या म्हापशाच्या दुकानातून पाणी घालून चालवायचा फिरता ड्रम, स्टीलच्या पिना आणि लिंबूसत्त्वाची पुडी नेलीत. रात्रभर ड्रम चालवला, तर समया गुलाबी पडल्या. एकीच्या आट्यांत पिना रुतल्या. परत आलात तेव्हा काउंटरवर "वापरलेलं मशीन घेत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

त्या दिवशी मी दुकानात नव्हतो, पण जबाबदारी माझीच. पुडी देताना किती घालायचं आणि किती वेळ ठेवायचं हे सांगायलाच हवं होतं. लिंबूसत्त्व चिमूटभर पुरतं. जास्त पडलं आणि तासन्‌तास राहिलं, तर आम्ल पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि वर तांबं उरतं. तुमच्या समयांचा गुलाबी रंग तोच.

तुम्ही लिहिलंय की परदेशी नेमबाजांच्या व्हिडिओत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या याच ड्रममधून सोन्यासारख्या निघतात, मग समया का नाहीत? प्रश्न रास्त आहे. पुंगळीचं पितळ ठरलेलं असतं, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. एका वेळच्या पुंगळ्या बहुधा एकाच मापाच्या आणि हलक्या. ते लोक आधी जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, काढतात, म्हणजे त्याची खाच धुतली जाते आणि पाणी निथळतं. मग भांडी घासायचा साबण, चिमूटभर आम्ल, दोनेक तास, स्वच्छ पाण्यात खळबळणं आणि लगेच वाळवणं. त्यांच्याही पिना अडकतात. पीन सव्वा मिलिमीटर जाड आणि पुंगळीच्या तळाचं भोक दोन मिलिमीटरचं, त्यात दोन पिना जोडीने शिरल्या की बसल्याच. शिवाय त्यांना पुंगळी पुन्हा वापरायची असते, म्हणून तिचं माप आणि लांबी नीट करायची वेगळी हत्यारं लागतात. ती आम्ही ठेवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच धरले जातात.

समई ओतीव असते. जुनी असेल तर मोडीच्या पितळेची, कुठे डाख लावलेला, आटे पाडलेले, वजनाला भरपूर. ड्रममध्ये अशा वस्तू एकमेकींवर आपटतात आणि पोचे पडतात. तुम्ही काय उजळणार आहात हे विचारलं असतं, तर मी ड्रम दिलाच नसता. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू असं सुटं सामान असेल तर ड्रम उत्तम. नुसती काळपट झाक घालवून चकाकी हवी असेल तर अक्रोडाच्या टरफलाचा भुगा घातलेलं थरथरतं मशीन बरं. ते सावकाश चालतं, धूळ करतं, पण पाणी नसल्याने आपल्या पावसाळ्यात वाळवायची चिंता राहत नाही. समईला मात्र चिंच किंवा सोलं, सोडणाचा काथ्या, आट्यांसाठी जुना टूथब्रश आणि दहा मिनिटांत भरपूर पाण्याने धुणं. हे सांगून माझा गल्ला भरत नाही, पण आजीची समई पुन्हा विकत मिळत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आता काच पुसायचं अमोनियाचं पाणी लावून बघणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपया लावू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि त्यांच्या पितळेला आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना धातूत उरलेला ताण, ही दोन कारणं १९२१ मध्ये मांडली गेली. समईची वरची ताटली दाबून घडवलेली असेल, तर तिच्यातही तसा ताण असू शकतो.

तिन्ही समया घेऊन या. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, तेवढा एक दिवस टाळा. पिना मी स्वतः काढून देईन आणि गुलाबी थर पॉलिशच्या पेस्टने हाताने उतरवीन, पैसे घेणार नाही. थर खोल गेला असेल तर पूर्वीचा रंग पूर्ण येणार नाही, तसं असल्यास हात लावण्याआधी तुम्हाला सांगेन. ड्रम आणि पिना परत घेऊन पूर्ण रक्कम देतो. बिल हरवलं असलं तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे.