मीटरवर १२ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल नव्हे

'उभ्या गाडीची बॅटरी कधीच उतरणार नाही, मेकॅनिक सांगत नाहीत ती पाच गुपितं' असा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. नाशिकच्या माझ्या काकांनी तो वाचला आणि इंजिन चालू ठेवून, हातात दहाचा पाना घेऊन ते बॉनेटपाशी उभे राहिले. त्यांना वेळेवर अडवता आलं. बाकीच्यांना कोण अडवणार?

काका करायला निघाले होते तो मेसेजमधला चौथा मुद्दा: 'चालू गाडीत निगेटिव्ह टर्मिनल काढा. इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर ठणठणीत.' (अल्टरनेटर म्हणजे चालू इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र.) सुरुवात इथूनच करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर बॅटरी मरेल, यानं ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक तोडली की तो करंट घ्यायला कोणी उरत नाही आणि व्होल्टेज क्षणात उसळतं. याला लोड डंप म्हणतात. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्या ठरवणाऱ्या आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी हा झटका ७९ ते १०१ व्होल्टचा धरलाय! पुष्कळ अल्टरनेटरांत तो दाबायची सोय असते, मान्य. पण ती सोय आपल्या गाडीत आहे की नाही, हे ईसीएम पणाला लावून का बघायचं? डायनॅमोच्या काळातल्या गाड्यांत कॉम्प्युटरच नव्हता, तेव्हा हे खपून जायचं. अल्टरनेटर तपासायचाय तर इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की झालं. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे आकडा थोडा खाली दिसेल.

पहिला मुद्दा: 'मीटरवर १२ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल.' धडधडीत चूक. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक भरलेला सेल सुमारे २.१ व्होल्टचा. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ ला पाऊणच उरलेली असते, १२.२ ला निम्मी, १२.० ला जेमतेम पाव, आणि ११.९ च्या खाली रिकामीच समजा. भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टचंही अंतर नाही, म्हणून दशांशानंतरचा आकडा बघावाच लागतो. तोही गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडायच्या आधी शक्य झालं तर उत्तम. नुकतंच इंजिन बंद करून मोजलं तर वरवरच्या चार्जमुळे १२.९ सुद्धा दिसतं आणि माणूस फसतो. आणि जुनी, थकलेली बॅटरी १२.६ दाखवूनही सेल्फ मारताना बसू शकते. तिची लोड टेस्टच, म्हणजे भार टाकून तपासणी, करावी लागते.

'रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा.' यात अर्धं सत्य आहे: सेल्फला लागलेला चार्ज तेवढ्यात बहुधा भरून निघतो. पण उभ्या गाडीतही अलार्म, घड्याळ, ईसीएम थोडा थोडा करंट ओढतच असतात. ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला २१-२२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. एसी, दिवे लावून पाच मिनिटं आयडलिंग केलं तर ही तूट भरत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये तर हे करूच नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. ते जमणार नसेल तर बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी करणारा चार्जर लावा, नाहीतर इंजिन बंद करून, किल्ली काढून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, एवढंच.

'जमिनीवर ठेवलेली बॅटरी उतरते' हे आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला लागू नाही. जमिनीवर असो वा फळीवर, नुसती पडून राहिली की ती हळूहळू उतरतेच, उन्हाळ्यात जरा जास्तच.

राहिलं 'उतरलेल्या बॅटरीत थोडं अ‍ॅसिड घाला.' अजिबात नको. उतरताना अ‍ॅसिड प्लेटांत सल्फेट होऊन बसतं, आणि चार्ज केलं की परत पाण्यात येतं. वरून घातलेलं अ‍ॅसिड प्लेटा खातं. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत. आणि फार दिवस उतरलेली राहिली तर तेच सल्फेट कडक होतं, मग चार्जरही फारसं काही करू शकत नाही. म्हणून मीटर १२.४ च्या खाली गेला की चार्जिंगला लावा, सेल्फ अडकेपर्यंत थांबू नका.